एड्स, तिरस्कार आणि गायकाचा शब्द

युगांडा या पूर्व आफ्रिकेतील देशात १९८९ साली एका लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स झाला असल्याचे जाहीर केले आणि सारा देश स्तंभित झाला. फिली बोंगोले लुटाया हे त्या गायकाचे नाव. १९८४ पासून त्यांचे वास्तव्य स्वीडनमध्ये होते. परंतु त्यांची गीते युगांडात घरोघरी पोहोचलेली होती. लुगांडा भाषेतील त्यांची नाताळची गीते तर आजही तेथे दर डिसेंबरात ऐकू येतात. अशा घरच्या वाटणाऱ्या आवाजाने, ज्या रोगाचे नाव लोक कुजबुजतच घेत असत, तो रोग आपल्या शरीरात असल्याचे उघडपणे सांगावे, ही तोवर न घडलेली गोष्ट होती.

लोकांची पहिली प्रतिक्रिया सहानुभूतीची नव्हती, अविश्वासाची होती. हा माणूस तर धडधाकट दिसतो. याला प्रसिद्धी हवी असेल, पैसा हवा असेल, असे बोलले गेले. एड्सचा रुग्ण म्हणजे हाडांचा सापळा, अशीच समजूत त्या वेळी रूढ होती. युगांडात या रोगाला प्रचलित असलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘कृश होणे’ असा होता. लुटाया यांनी या कुजबुजीला उत्तर देण्यात वेळ घालविला नाही. ते शाळांतून गेले, चर्चमधून गेले, विद्यार्थ्यांसमोर उभे राहून बोलले व गायले. पुढील काही महिन्यांत त्यांचे शरीर लोकांच्या डोळ्यांदेखत झिजत गेले आणि संशय आपोआप विरला. एकाकी, भयभीत रुग्णाच्या मनाची अवस्था सांगणारे त्यांचे गीत याच काळातील. १५ डिसेंबर १९८९ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

युगांडातील एड्सचे प्रमाण नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी प्रौढांमध्ये सुमारे १५ टक्के होते. ते पुढील दहा-बारा वर्षांत सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरले. हे केवळ गीतांनी घडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. शासनाने १९८६ पासून स्वीकारलेले मोकळेपणाचे धोरण, धर्मसंस्थांचा सहभाग, निरोधचा प्रसार आणि ज्यांचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही असे असंख्य मृत्यू, ही सारी कारणे त्यामागे आहेत. पती एड्सने गेल्यानंतर नोरीन कलीबा यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘तासो’ या संस्थेचे कार्यही तितकेच महत्त्वाचे. तथापि या संस्थेने एक गोष्ट हेरली. तिच्या केंद्रांतून रुग्णांचीच गायन व नाट्यपथके तयार झाली व ती गावोगाव जाऊ लागली. प्रचारकाने रुग्णाविषयी बोलणे निराळे आणि रुग्णाने स्वतः समोर उभे राहून गाणे निराळे. भित्तिपत्रक माहिती देते, परंतु भित्तिपत्रकाला कोणी प्रश्न विचारीत नाही आणि त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

रोगाला मिळालेले पहिले नाव

या रोगाविषयी लोकांच्या मनात इतकी लज्जा का साठली, हे समजण्यासाठी त्याच्या आरंभाकडे जावे लागते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. हे पाचही जण समलिंगी होते. पाठोपाठ आणखी रुग्ण आढळले आणि या नव्या आजाराला समलिंगी व्यक्तींशी जोडणारे एक नाव वैद्यकीय व वृत्तपत्रीय वर्तुळात रूढ झाले. रक्त घेतलेल्या व्यक्ती, हिमोफिलियाचे रुग्ण, स्त्रिया व नवजात बालके यांच्यातही तो दिसू लागल्यावर सप्टेंबर १९८२ मध्ये ‘एड्स’ हे नाव स्वीकारण्यात आले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी विषाणू शोधून काढला. नाव बदलले, कारण सापडले. समजूत मात्र बदलली नाही. हा ‘त्यांचा’ रोग आहे, हे वाक्य प्रत्येक देशाने आपापल्या परीने म्हटले. कोठे ‘ते’ म्हणजे समलिंगी होते, कोठे परदेशी, कोठे ट्रकचालक, कोठे वेश्याव्यवसायातील स्त्रिया. भारतात १९८६ मध्ये मद्रास येथे पहिल्या नोंदी झाल्या, तेव्हा आपणही हेच म्हटले.

या समजुतीचा परिणाम केवळ भावनिक नाही, तो रोगप्रसाराच्या गणितात उतरतो. विषाणू शरीरात शिरल्यानंतर उपचार न घेतल्यास रोगाची लक्षणे उमटण्यास आठ-दहा वर्षेही लागू शकतात. एवढ्या काळात मनुष्य निरोगी दिसतो व रक्त तपासल्यावाचून काहीही कळत नाही. तपासणीसाठी गेलो तर आपण ‘त्यांच्यापैकी’ ठरू, या भीतीने जो जात नाही, तो स्वतः उपचाराला मुकतो आणि नकळत दुसऱ्यालाही बाधा देतो. समलिंगी पुरुषाच्या बाबतीत ही भीती दुहेरी असते. तपासणी केंद्रातील पहिलाच प्रश्न त्याचे गुपित उघडे करणारा असतो. अनेकांनी घरच्यांच्या आग्रहाने विवाह केलेला असतो. म्हणजे त्या गुपिताची किंमत पत्नीलाही मोजावी लागते. असा तिरस्कार रोगाला वाट करून देतो. औषधाने विषाणू दबतो, तिरस्कारावर मात्र औषध नाही. तेथे शिक्षकाचा, पुढाऱ्याचा व कलावंताचा संबंध येतो.

इंग्लंडमधील कलावंत

समलिंगी व्यक्तींच्या बाजूने इंग्लंडमधील काही गायकांनी एड्सचे नाव ऐकू येण्याच्या आधीच शब्द उच्चारला होता. त्या देशात प्रौढ पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ पर्यंत सर्वस्वी गुन्हा होते. त्यानंतरही पोलिसांचा जाच व वृत्तपत्रांतील कुत्सित लिखाण चालूच राहिले. टॉम रॉबिन्सन यांनी १९७८ मध्ये या जाचाविषयीचे गीत ध्वनिमुद्रित केले, बी.बी.सी.ने ते वाजविण्यास नकार दिला. १९८४ मध्ये ‘ब्रॉन्स्की बीट’ या तीन तरुणांच्या वाद्यवृंदाने घर सोडून निघालेल्या एका मुलाची व्यथा गीतातून मांडली आणि ते गीत लोकप्रियतेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. या तिघांनी आपण समलिंगी असल्याचे लपविले नव्हते. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर युरोपातील निरनिराळ्या देशांत समलिंगी संबंधांना संमतीचे कायदेशीर वय किती आहे, याचा तक्ता छापलेला होता. गाण्याच्या तबकडीवर कायद्याचा तक्ता, ही कल्पना कोणाही माहिती अधिकाऱ्याला हेवा वाटावी अशीच आहे. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेतील मॅडोना या गायिकेने आपल्या ध्वनिमुद्रिकेसोबत एड्सविषयक तथ्यांचे पत्रक घातले, तेही याच जातीचे काम होय.

त्याच १९८४ सालातील आणखी एक घटना नोंदविण्याजोगी आहे. ब्रिटनमधील कोळसा खाण कामगारांचा संप मार्चपासून चालू होता. लंडनमधील समलिंगी तरुण-तरुणींच्या एका गटाने दक्षिण वेल्समधील संपकरी कुटुंबांसाठी निधी गोळा करण्यास आरंभ केला. १० डिसेंबर रोजी लंडनच्या कॅम्डेन भागात ‘ब्रॉन्स्की बीट’चा जलसा झाला व त्यातून ५,६५० पौंड उभे राहिले. खाणीतील रांगडे कामगार आणि शहरातील समलिंगी तरुण यांचे सख्य जुळेल, असे कोणाला वाटले नसेल. परंतु जून १९८५ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या समलिंगी व्यक्तींच्या मोर्चात हेच कामगार आपले बावटे घेऊन अग्रभागी चालले आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा ठराव संमत झाला, त्यात खाण कामगार संघटनेच्या मतांचा वाटा मोठा होता. निधी गोळा करणाऱ्या त्या गटाचे एक संस्थापक मार्क ॲश्टन १९८७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी एड्सने मरण पावले. ‘ब्रॉन्स्की बीट’मधून बाहेर पडून नवा वाद्यवृंद काढलेल्या जिमी सोमरव्हिल यांनी त्यांच्या स्मरणार्थ गीत सादर केले.

यापुढची घटना स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित असल्याने आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. एड्सच्या भीतीचे वातावरण असतानाच ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये स्थानिक शासनविषयक कायद्यात २८ वे कलम घातले. समलिंगी संबंधांना ‘उत्तेजन’ मिळेल असे काहीही करण्यास स्थानिक संस्थांना त्याद्वारे मनाई झाली. उत्तेजन म्हणजे काय, हे स्पष्ट नव्हते. परिणामी शिक्षक गप्प झाले. कोणी विद्यार्थ्याला समलिंगी म्हणून वर्गात छळत असेल तर मध्ये पडावे की नाही, याचीही त्यांना धास्ती वाटू लागली. आणि हे नेमके अशा वेळी, जेव्हा तरुणांशी या विषयावर बोलण्याची निकड सर्वाधिक होती. बॉय जॉर्ज यांनी या कलमाविरुद्ध गीत काढले आणि ५ जून १९८८ रोजी लंडनच्या पिकॅडिली नाट्यगृहात गायक व नट यांनी एकत्र येऊन निषेधाचा कार्यक्रम केला. कलम लगेच रद्द झाले नाही. स्कॉटलंडमध्ये ते २००० मध्ये आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ मध्ये गेले. म्हणजे एक अख्खी पिढी त्या मौनात शाळा शिकून बाहेर पडली.

पाचगणीचा विद्यार्थी

सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० नंतरच्या दशकात फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये त्याचा जन्म झाला. वडील तेथे सरकारी नोकरीत होते. पाचगणीत तो पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ नावाचा मुलांचा एक वाद्यवृंदही तेथेच निघाला. हाच मुलगा पुढे इंग्लंडमध्ये ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला.

आपल्याला एड्स असल्याचे मर्क्युरी यांना १९८७ पासून ठाऊक होते. ही गोष्ट निकटच्या काही जणांखेरीज कोणालाही कळू दिली गेली नाही. चेहऱ्यावर आजार दिसू लागल्यावर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यांच्या लंडनमधील घराबाहेर तळ देऊन असत. अखेर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांच्या वतीने एक निवेदन प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत अंत्यविधी झाले. लुटाया यांनी मृत्यूपूर्वीचे महिने रोगाविषयी बोलण्यात घालविले. मर्क्युरी यांनी बोलण्यासाठी एकच दिवस ठेवला. यावरून एकाला धैर्यवान व दुसऱ्याला भीरू ठरविणे योग्य होणार नाही. आपले खाजगी जीवन उघड्यावर मांडण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. मात्र त्या काळातील वृत्तपत्रे समलिंगी रुग्णांविषयी ज्या भाषेत लिहीत, ती वाचल्यावर मौनाचे कारण निराळे शोधावे लागत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी जे केले ते मोलाचे ठरले. ‘क्वीन’च्या गाजलेल्या गीताची तबकडी पुन्हा काढण्यात आली व तिचे उत्पन्न टेरेन्स हिगिन्स न्यासाला देण्यात आले. हिगिन्स हे १९८२ मध्ये लंडनमध्ये एड्सने मरण पावले आणि त्यांच्या मित्रांनी हा न्यास उभारला. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली मैदानावर स्मृतिजलसा झाला. सुमारे ७२,००० श्रोते उपस्थित होते. उत्पन्नातून मर्क्युरी यांच्या नावाचा एड्सविरोधी न्यास निर्माण झाला. त्या दिवशी रंगमंचावर जॉर्ज मायकल यांचे गायन विशेष गाजले. त्या वेळी त्यांचा स्वतःचा जोडीदार याच विषाणूने बाधित होता आणि ही गोष्ट ते कोणालाही सांगू शकत नव्हते. एवढ्या मोठ्या समुदायापुढे एड्सग्रस्तांसाठी गाणाऱ्यालाही आपले दुःख उच्चारता येऊ नये, ही त्या काळाची स्थिती. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी १९९८ मध्ये जाहीर केले.

‘निर्दोष’ रुग्ण

अमेरिकेत डिऑन वॉरविक यांनी एल्टन जॉन, ग्लॅडिस नाइट व स्टीव्ही वंडर यांच्यासह १९८५ मध्ये मैत्रीविषयीचे एक गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्यातून एड्स संशोधनासाठी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवून दिली. याच वर्षी इंडियाना राज्यात रायन व्हाइट या हिमोफिलियाच्या रुग्ण असलेल्या मुलाला रक्तघटकातून बाधा झाल्यामुळे शाळेने प्रवेश नाकारला. एल्टन जॉन यांनी या कुटुंबाला साथ दिली. एप्रिल १९९० मध्ये, अठराव्या वर्षी रायनचा मृत्यू झाला, तेव्हा अंत्यविधीच्या वेळी त्यांनी गायन केले. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचे एड्स प्रतिष्ठान स्थापन केले.

रायनविषयी अमेरिकेचे मन द्रवले, हे चांगलेच झाले. पण या सहानुभूतीत एक खोच होती. बालकाला ‘निर्दोष’ म्हणताना इतर रुग्ण दोषी आहेत, असे न बोलताच सांगितले जाई. एल्टन जॉन स्वतः समलिंगी. त्यांनी ही विभागणी मान्य केली नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठानाचा पैसा दोन्हींकडे गेला. आपल्याकडेही ‘पतीकडून बाधा झालेली निरपराध पत्नी’ असा शब्दप्रयोग भाषणांतून सर्रास ऐकू येतो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु ज्याला आपण अपराधी ठरविले तो तपासणीला येत नाही आणि त्याच्यासोबत त्याची पत्नीही येत नाही.

गीताची दुसरी बाजू

संगीत नेहमी पीडितांच्याच बाजूला असते, असे मात्र नाही. जमैकामध्ये १९९० नंतरच्या दशकात समलिंगी पुरुषांच्या हत्येला चिथावणी देणारी गीते नृत्यसभांतून वाजत होती. बुजू बँटन यांचे असे एक गीत १९९२ मध्ये जगभर पोहोचले. मानवी हक्क कार्यकर्त्यांनी अशा गायकांच्या परदेशांतील कार्यक्रमांना विरोध केला व अनेक कार्यक्रम रद्द झाले. बँटन यांनी २०१९ मध्ये ते गीत आपल्या गीतसंग्रहातून काढून टाकले. हा बदल आर्थिक दडपणाने झाला की मनाने, यावर वाद घालता येईल. ऐकणाऱ्याच्या कानावर ते गीत पडणे कमी झाले, एवढे खरे.

नायजेरियातील फेला कुटी यांची गोष्ट निराळ्या प्रकारची आहे. लष्करी राजवटींना न जुमानणाऱ्या या गायकाने आपल्या आजाराविषयी कधी उघडपणे सांगितले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू व देशाचे माजी आरोग्यमंत्री ओलिकोये रॅन्सम-कुटी यांनी मृत्यूचे कारण एड्स असल्याचे स्वतः जाहीर केले. त्या देशात हे नाव मोठ्याने घेतले जाण्याचा तो महत्त्वाचा प्रसंग होता. कॉंगोचे फ्रँको लुआंबो यांनी १९८७ मध्ये एड्सच्या धोक्याविषयी पंधरा मिनिटांचे दीर्घ गीत गायले. परंतु त्या काळी औषधे नव्हती, म्हणून बहुतेक प्रचारगीतांचा सूर मृत्यूच्या इशाऱ्याचा असे. भीतीने मनुष्य सावध होतो हे खरे. पण तो शेजाऱ्यापासूनही सावध होतो, हे प्रचारकांच्या लक्षात उशिरा आले.

१९९६ पासून एकत्रित औषधोपचार उपलब्ध झाले आणि गीतांचा सूर बदलणे शक्य झाले. दक्षिण आफ्रिकेत याचा प्रत्यय आला. तेथील शासनाने बराच काळ औषधांविषयी शंका घेण्यात घालविला; रुग्णांच्या संघटनांना न्यायालयात जावे लागले. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक रुग्णालयांतून औषधे देण्याची योजना मंजूर झाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला केपटाउन येथे नेल्सन मंडेला यांच्या पुढाकाराने मोठा जलसा झाला. ‘४६६६४’ हे त्याचे नाव, म्हणजे मंडेला यांचा तुरुंगातील कैदी क्रमांक. ‘क्वीन’मधील मर्क्युरींचे सहकारी, यूसू एन्दूर, इव्होन चाका चाका, ॲनी लेनॉक्स असे अनेक कलावंत त्यात होते. परंतु याहून अधिक बोलका वाटतो तो दरबानच्या मॅककॉर्ड रुग्णालयातील ‘सिनिकिथेम्बा’ हा गायकवृंद. त्यातील सारे गायक स्वतः बाधित. झुलू भाषेतील या नावात ‘आशा’ हा शब्द आहे. पुढे जानेवारी २००५ मध्ये मंडेला यांनी आपल्या पुत्राचा मृत्यू एड्सने झाल्याचे स्वतः पत्रकारांना सांगितले.

ज्या युगांडापासून हा विषय सुरू झाला, तेथील आजचे चित्र मात्र खिन्न करणारे आहे. मे २०२३ मध्ये त्या देशात समलिंगी संबंधांविरुद्ध अत्यंत कठोर कायदा लागू झाला. काही प्रकारांसाठी त्यात मृत्युदंडाची तरतूद आहे. एप्रिल २०२४ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने काही कलमे रद्द केली, परंतु मूळ कायदा कायम ठेवला. या कायद्यामुळे युगांडातील एड्सविरोधी प्रगती गंभीर धोक्यात आली असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाची एड्सविषयक संस्था, जागतिक निधी व अमेरिकेचा एड्स साहाय्य कार्यक्रम यांच्या प्रमुखांनी संयुक्त पत्रकाद्वारे कळविले. लुटाया यांच्या स्मरणार्थ तेथे दर वर्षी ऑक्टोबरात दिवस पाळला जातो. रोगाचे नाव घेण्याची मुभा राहिली, रुग्णांपैकी काहींना मात्र दाराशी येण्याची सोय उरली नाही.

आपल्या रंगमंचावर

भारतात कायद्याचा मार्ग याच्या उलट दिशेने गेला आहे. भारतीय दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखाली प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हा भाग रद्दबातल ठरविला. या खटल्यातील पहिले अर्जदार नवतेजसिंग जोहर हे भरतनाट्यम् नर्तक. त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ रोजी, एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ चा कायदा अंमलात आला. संमतीवाचून रक्ततपासणी करणे, बाधित व्यक्तीचे नाव तिच्या संमतीविना उघड करणे, शाळा, नोकरी वा निवासात तिच्याशी भेदभाव करणे यांस त्याने प्रतिबंध आहे. शासकीय केंद्रांतून औषधे १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली आणि २०१७ पासून बाधा आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. देशातील बाधितांची संख्या सुमारे २५ लाख असून राज्यांमध्ये सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत.

लोककलेतून प्रबोधन करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. एकनाथांची भारुडे, सत्यशोधकी व आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांची कलापथके यांचे स्मरण सर्वांना आहे. १ डिसेंबर २००७ रोजी निघालेल्या ‘रेड रिबन एक्स्प्रेस’ या रेल्वेगाडीसोबतही लोककलावंत गावोगाव गेले. रुग्णाने स्वतः रंगमंचावर येण्याचे उदाहरणही दूर शोधावे लागत नाही. आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदात कुष्ठरोगमुक्त व अपंग कलावंत गातात आणि त्यांच्या तिकिटाच्या रांगेत उभा राहिलेला प्रेक्षक, एके काळी त्याच रोगाच्या भयाने दूर पळणाऱ्या समाजातीलच असतो. मुंबईत २०१४ मध्ये ‘रेनबो व्हॉइसेस’ हा समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींचा गायकवृंद निघाला, तर २०१६ मध्ये सहा तृतीयपंथी कलावंतांचा ‘सिक्स पॅक बँड’ चित्रफितींतून लोकांपुढे आला.

तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आपल्या तमाशात ‘नाच्या’ हे पात्र आहे आणि त्याच्या चालण्या-बोलण्यावर हशा पिकविणे ही जुनी रीत आहे. या हशाची किंमत कलावंताला किती मोजावी लागते, हे आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीने दाखविले. चित्रपटांतून नाच्याच्या भूमिका गाजविणारे गणपत पाटील यांना खाजगी जीवनातही उपहास सहन करावा लागला, हे मराठी रसिकांना ठाऊक आहे. कलापथकाने एड्सविषयी उत्तम गीत सादर करावे आणि पुढच्याच प्रवेशात बायकी चालीच्या पुरुषाची नक्कल करून टाळ्या घ्याव्यात, असे घडले तर त्या गर्दीत मागे उभा असलेला एखादा तरुण दुसऱ्या दिवशी तपासणी केंद्राची पायरी चढणार नाही. गीताची संहिता आरोग्य अधिकाऱ्याने तपासावी अशी पद्धत आहे. तिच्या जोडीला विनोदी प्रवेशही नजरेखालून घालणे इष्ट ठरेल. संहितेतही मृत्यूचे वर्णन कमी आणि उपचाराचे अधिक असावे. नियमित औषध घेतल्याने रक्तातील विषाणू इतका दबतो की तपासणीत आढळत नाही आणि तशा स्थितीत शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, ही आजची सर्वांत महत्त्वाची बातमी आहे आणि ती अद्याप बहुसंख्य गीतांत आलेली नाही. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने वा डास चावल्याने बाधा होत नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावेच लागते.

कार्यक्रमाच्या व्यवस्थेविषयी ग्रामपंचायतीने थोडा विचार केला तर त्याचा उपयोग वाढतो. कार्यक्रम संपताच व्यासपीठाशेजारीच तपासणीची मेजे मांडली जातात. साऱ्या गावासमोर त्या मेजाकडे जाण्यास फार थोडे लोक धजतात. समुपदेशक दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, इतर रुग्णांच्याच वेळेत उपलब्ध असेल आणि तेथे नाव गुप्त राखले जाईल, असे गायकाने स्वतः व्यासपीठावरून सांगावे. १०९७ हा राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक गीताच्या आरंभी एकदा व शेवटी एकदा उच्चारावा. शाळेत कार्यक्रम असल्यास प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता मागवावेत. अशा चिठ्ठ्या वाचताना कोणाचे अक्षर ओळखीचे वाटले, तरी शिक्षकांनी ते वर्गात बोलून दाखवू नये.